पोवाडा आणि लावणी

शाळेत विचारले की उत्तर ठरलेले : वीररसाचा तो पोवाडा, शृंगाराची ती लावणी. परीक्षेत गुण मिळतात. पण लावणीवर अन्याय होतो. तिचे नाव काढले की पांढरपेशी मंडळी नाक मुरडतात, ते या उत्तरामुळेच.

संतवाङ्मयात 'पवाडा' म्हणजे थोर कृत्य. ते घडले तसे, क्रमाने, खड्या आवाजात सांगायचे. १६५९ सालच्या अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा असाच आहे. पण दुष्काळावरही पोवाडे झाले. तिथे कुठला आलाय वीररस? घटना हवी, एवढेच.

लावणीचे मूळ कोणी 'लावण्या'त शोधतात. मला 'लावणे' हे क्रियापद अधिक पटते. सोमेश्वरनगरच्या शेतकऱ्याला सरीत ऊस कसा लावतात ते सांगायला नको. तशी ढोलकीच्या ठेक्यावर अक्षरे लावायची. लावणी एका भावाभोवती घोळते, पुन्हा पुन्हा पालुपदाकडे परतते. तो भाव प्रीतीचा असेल, तसाच वैराग्याचाही.

याचा दाखला आपल्या बारामतीशीच जोडलेला आहे. सोलापूरचे राम जोशी उत्तर पेशवाईतले, वेदशास्त्री घराण्यातले. पण तमाशाच्या फडात रमले. त्यांनी शृंगाराच्या लावण्या रचल्या, तशा उपदेशाच्या आणि देवादिकांच्याही. मोरोपंत (१७२९–१७९४) तेव्हा बारामतीत राहत. त्यांनीच राम जोशांना कीर्तनाकडे वळवले, असे परंपरा सांगते. पुढे पंतांच्या आर्या जोशांच्या कीर्तनांतून गावोगाव ऐकू येऊ लागल्या.