बोटीवर जायचंय? दहावीतच डोळे तपासून घ्या, पैशाची घाई नको

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांतून बोटीवर नोकरीला जाणं नवीन नाही. आता मुलीही मर्चंट नेव्हीची चौकशी करतात. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी. भारतीय नौदलाची भरती वेगळी, तिचे नियमही वेगळे.

आधी डोळे

डेकवर काम करायचं तर लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसावं लागतं. इंजिन विभागात ठराविक नंबरपर्यंत चष्मा चालतो. रंगांधळेपणा मात्र दोन्हीकडे चालत नाही. कारण रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्यावरून आणि उजवी हिरव्या दिव्यावरून ओळखतात. रंगांधळेपणा घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून अकरावीची शाखा ठरवण्याआधीच तपासणी करून घ्या. फी भरायच्या आधी नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या डॉक्टरकडून पूर्ण वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी.

दहावीनंतरचा रस्ता

खलाशी म्हणून जायचं तर जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा निवासी कोर्स असतो. दहावीला किमान 40 टक्के आणि इंग्रजीतही 40 टक्के लागतात. वय साडेसतरा ते 25 असावं लागतं. म्हणजे दहावीनंतर बहुतेकांच्या हातात दीड-दोन वर्षं असतात. त्या काळात बारावी किंवा आयटीआय करून घेतलेलं बरं.

बारावीनंतरचा रस्ता

अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. तिन्हींत मिळून 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के लागतात. त्यानंतर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यायची. या विद्यापीठाचं मुख्यालय चेन्नईत आहे, नवी मुंबईतही कॅम्पस आहे. डेकसाठी एक वर्षाचा डीएनएस किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल सायन्स, इंजिनसाठी चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. डीएनएस झाल्यावर कॅडेट म्हणून 18 महिने जहाजावर काढावे लागतात, मग अधिकारीपदाची परीक्षा.

आत्तापासून काय करायचं?

- रोज थोडं इंग्रजी बोला. जहाजावर वेगवेगळ्या देशांची माणसं असतात, हुकूम इंग्रजीत सुटतात.
- पोहायला शिका, रोज व्यायाम करा.
- आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि पासपोर्टवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी ठेवा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करा.
- घरापासून कित्येक महिने लांब राहावं लागतं. गणपती, शिमगा चुकणार. हे घरात आधीच बोलून घ्या.

पैसे देण्याआधी

फसवणूक होते ती इथेच. "कोर्स नको, सीडीसी काढून थेट बोटीवर चढवतो" म्हणणाऱ्या एजंटला जमीन गहाण टाकून पैसे देऊ नका. संस्थेला मान्यता आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर मोबाईलवरच बघता येतं. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो आणि त्या कंपनीला उमेदवाराकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितलेच तर तिथेच थांबा.

कोर्स पूर्ण झाला म्हणजे जहाज मिळालंच असं नसतं. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारा: मागच्या बॅचमधली किती मुलं जहाजावर गेली, आणि कोणत्या कंपनीत? उत्तर लेखी मागा. जमलं तर त्या बॅचमधल्या एक-दोन मुलांशी स्वतः फोनवर बोला.