मेणाने बुजविलेली छिद्रे

लोखंड हा शब्द आपण कणखरपणाचा समानार्थी म्हणून वापरतो. परंतु सारे लोखंड एका जातीचे नसते. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही, ते एकाएकी तुटते. घडीव लोखंड ताणालाही टिकते. हा भेद अभियंत्यांना ठाऊक होता, तरीही त्याच्या विस्मरणाची किंमत रेल्वेच्या प्रवाशांनी प्राण देऊन मोजली.

२४ मे १८४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे डी नदीवरील पुलाची ओतीव तुळई गाडीखाली मोडली आणि पाच जणांचा अंत झाला. पुलाचे शिल्पकार होते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यासारखे नामवंत अभियंते.

पुढे १८७८ साली स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. त्याचे रचनाकार टॉमस बाउच यांना १८७९ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. पुलाच्या तुळया घडीव लोखंडाच्या होत्या, उंच खांब मात्र ओतीव. खांबांना तिरपे आधार जोडण्याचे कानही खांबांबरोबरच ओतलेले होते आणि नेमका ताण त्यांच्यावरच येत होता. वाऱ्याच्या माऱ्याचा पुरेसा विचार झाला नव्हता. २८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी, वादळी रात्री मधले तेरा गाळे गाडीसह पाण्यात कोसळले. गाडीतील एकही जीव वाचला नाही. ओतकामातील छिद्रे मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजविली जात होती, हे चौकशीत उघड झाले. रचना, बांधकाम व देखभाल या तिन्हींवर ठपका आला. बाउच १८८० मध्येच निवर्तले.

जवळच्या फोर्थ खाडीवरील पुलाचे कामही त्यांच्याकडे होते. ते फाउलर व बेकर यांच्याकडे गेले. त्यांनी वाऱ्याचा दाब हिशेबात धरला, पोलाद निवडले आणि सुमारे ५४,००० टन पोलादाचा पूल ४ मार्च १८९० रोजी खुला झाला. मात्र तो उभारताना सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, हेही विसरता कामा नये.

टेवर १८८७ साली नवा पूल झाला. जुन्या पुलाच्या न पडलेल्या काही घडीव तुळया त्यात बसविण्यात आल्या. त्या पुलावरून आजही गाड्या धावतात. म्हणजे दोष धातूचा नव्हता. छिद्र दिसल्यावर खांब नाकारण्याऐवजी ज्यांनी त्यावर मेण लिंपले, आणि ज्यांनी ते पाहिलेच नाही, त्यांचा तो होता.