नान-खलिया: तुघलकाचा की आपला?

अजिंठा-वेरूळ पाहायला निघालेला कोणीही ओळखीचा माणूस मला आधी फोन करतो. लेण्यांविषयी तो काही विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो, "भाई, तुमच्या औरंगाबादेत जेवायचं कुठं?" मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मित्राने याच प्रश्नात एक शब्द वाढवला. म्हणाला, "ते तुघलकाचं नान-खलिया कुठं मिळतं?"

मी त्याला पत्ता सांगितला, पण तो 'तुघलकाचं' शब्द डोक्यातून जाईना. हल्ली खाण्यापिण्याच्या प्रत्येक व्हिडिओत ही गोष्ट ऐकू येते. तुघलकाने राजधानी हलवली, फौज दौलताबादला आली, एवढ्या सैन्याला झटपट खाऊ घालायचे म्हणून तंदूर खोदले, देगा चढवल्या आणि नान-खलिया जन्माला आला. आमच्यातल्या अनेकांना ही गोष्ट अभिमानाची वाटते, 'सातशे वर्षांचा वारसा' म्हणून. आणि ज्यांना आम्ही इथे उपरे वाटतो, त्यांनाही ती सोयीची आहे. बघा, यांचे जेवणसुद्धा बाहेरच्या फौजेने टाकून दिलेले! एकच गोष्ट दोघांना आवडत असेल, तर ती एकदा तपासून घ्यायला हवी. म्हणून या लेखात पत्तेही देतो आणि इतिहासही.

दौलताबादची फौज

गोष्टीचा पाया खरा आहे. 1327च्या सुमारास मुहंमद बिन तुघलकाने देवगिरीला राजधानी केली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीहून सरदार, सूफी, आलिम, कारागीर आले. काही वर्षांत सुलतानाचा बेत फसला आणि दरबार परतला, पण सगळे परतले नाहीत. ख्वाजा निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब इथेच राहिले. 1337मध्ये त्यांचे निधन झाले. खुलताबादेत त्यांच्या दर्ग्यावर आजही गर्दी असते. या मंडळींसोबत तंदूर आणि देग आली असणार, यात शंका घ्यायचे कारण नाही.

पुढे त्याच सुलतानाच्या पदरी असलेला प्रवासी इब्ने बतूता दौलताबादला आला. त्याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केली, ती वर्षातून दोनदा येतात म्हणून नोंदवले. गायक-वादकांच्या बाजाराचे वर्णन केले. खाण्याची नोंद घेणारा तो माणूस होता. पण आज आपण जो नान-खलिया खातो, तो त्याच्या ताटात येऊच शकला नसता. कारण सरळ आहे.

मिरचीची साक्ष

खलियाची थाळी समोर आली की आधी दिसते ती तरी. लालभडक, वाटीच्या काठापर्यंत आलेली. ही लाली मिरचीची आहे. आणि मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांच्या जहाजातून, सोळाव्या शतकात, म्हणजे तुघलकानंतर दीड-दोनशे वर्षांनी. तुघलकाच्या सैनिकाने मटणाचा रस्सा जरूर खाल्ला असेल, पण त्यात तिखटपणा असेल तो मिऱ्याचा आणि आल्याचा. या लाल तरीची त्याला कल्पनाही नसेल.

अशीच गंमत सीताफळाची. दौलताबादच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर सीताफळांच्या टोपल्या लागतात. किल्ला पाहून उतरणारा प्रत्येक जण ती घेतो आणि किल्ल्याइतकीच ती जुनी समजतो. हे फळही मूळचे अमेरिकेतले, मिरचीसारखेच दर्यापारहून आलेले. दोन्ही इतकी इथली झाली की त्यांना कोणी गाव विचारत नाही.

आता शब्द पाहू. मूळ शब्द 'कलिया', अरबीतल्या तळण्या-परतण्याच्या क्रियेवरून आलेला. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी दिली आहे, तिच्यात दोपियाजा आणि दमपुख्तच्या जोडीला कलियाही आहे. म्हणजे हा पदार्थ एका सुलतानाचा किंवा एका शहराचा नव्हता. आग्र्यातही शिजत होता. मग आमचा 'खलिया' कुठून आला?

तो आमच्या जिभेतून आला. दखनी माणसाला घशातला 'क' म्हणता येत नाही, तो त्याचा 'ख' करतो. तो 'कब्र'ला 'खबर' म्हणतो आणि लखनौवाले त्याला हसतात. 'कीमा'चा त्याने 'खिमा' केला. मराठीतही 'खिमा'च आहे, 'कीमा' नाही. म्हणजे मराठी माणसाने हा शब्द दिल्लीकडून घेतला नाही. तो शेजारच्या दखनी घरातून घेतला, बहुधा वाटीतल्या सालनासकट. कलियाचा खलिया झाला त्या दिवशी तो पदार्थ इथला झाला.

मालपुरा, परसपुरा आणि पाणचक्की

तुघलकाच्या काळात हे शहरच नव्हते. होते ते खडकी नावाचे गाव. 1610मध्ये निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबरने तिथे राजधानी वसवली. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. मोगलांविरुद्ध त्याच्या बाजूने मराठे सरदार लढत होते, आणि शहरातल्या वस्त्यांना त्यांचीच नावे मिळाली. मालोजींचा मालपुरा, खेळोजींचा खेलपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा. पुढे मोगल आले, तशी रजपूत सरदारांच्या नावाची जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही पुरे वसली. ज्या गावात हबशी, मराठे, रजपूत आणि तुराणी यांच्या चुली एका हाकेच्या अंतरावर होत्या, तिथल्या रश्श्यात कुणाचा मसाला किती, हे कसे वेगळे काढणार?

तुराणी म्हणजे बुखारा-समरकंदकडचे. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत असे हजारो शिपाई इथे आले. त्यांच्यासोबत नक्शबंदी फकीरही आले. बाबा पलंगपोश आणि त्यांचे मुरीद बाबा शाह मुसाफिर हे त्यांतले प्रमुख. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ त्यांचा तकिया होता. 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' नावाचा फारसी ग्रंथ याच तकियाची हकीकत सांगतो. मध्य आशियातून आलेला थकला-भागला शिपाई, हजला निघालेला फकीर, रोजगार सुटलेला माणूस, सगळे तिथे उतरत आणि जेवत.

त्यांच्यासाठी पीठ लागे. अठराव्या शतकात तिथे पाणचक्की उभी राहिली. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले, ते उंचावरून सोडले आणि त्या धारेवर जाते फिरवले. मुसाफिर, मुरीद आणि फौजेसाठी त्यावर धान्य दळले जाई. आज पर्यटक हौदातले मासे पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. मी पाहुण्यांना तिथे नेतो तेव्हा एवढेच सांगतो, की ताजमहालची नक्कल म्हणून तुम्ही बीबी का मकबरा पाहिलात, पण या शहराचे खरे स्मारक हे आहे. येणाऱ्याला भाकर मिळावी म्हणून फिरणारी चक्की.

तेव्हा नान-खलियाला एक जन्मदाता शोधण्यात अर्थ नाही. तंदूर दिल्लीकडून आला असेल, खमीर बुखाऱ्याकडून, मिरची दर्यापारहून. पण पदार्थ शिजला तो मराठवाड्यात.

भट्टी आणि देग

हा पदार्थ घरात होत नाही, हे आधी समजून घ्या. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकर. सालन कुठलेही असो, त्यासोबत भाकरच. मराठवाडा कोरडवाहू मुलूख, इथे भाताची चैन नव्हती. हैदराबादची दावत बिर्याणीवर गेली आणि आमची नानवर राहिली, त्याचे कारण मला यातच दिसते. गहू सणाचा आणि नान दावतीची.

नानचे पीठ खमीर घालून फुगवले जाते. लाटलेल्या नानवर हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरतो, मग ती तंदुरच्या भिंतीला चिकटते आणि पिवळीधमक, फुगून बाहेर येते. तिकडे देगेत गोश्त, भाजलेला कांदा, आले-लसूण, खसखस, सुके खोबरे आणि गरम मसाला मंद आचेवर तासन्‌तास शिजतो. एक देग, एक तंदूर आणि पाचशे माणसे. फौजेची गोष्ट खरी असो-नसो, स्वयंपाकाची रीत मात्र फौजेचीच आहे. ना वाढप्यांचा ताफा, ना दहा भांडी. दस्तरखान अंथरा, नान टाका, खलिया ओता. श्रीमंताच्या वलीम्यात आणि रिक्षावाल्याच्या मुलीच्या निकाहमध्ये पदार्थ हाच असतो. लग्नपत्रिका हातात पडली की आमच्याकडे म्हातारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, "बावर्ची कौन है?"

आता पत्ते

शहागंजच्या घड्याळापासून सुरुवात करा. तिथून सिटी चौक, बुढीलेन, जुना बाजार आणि पलीकडे रोशन गेट या पट्ट्यात नानच्या भट्ट्या आणि खलियाची छोटी हॉटेले आहेत. दुकानाचे नाव मी सांगत नाही. कारण चांगल्या खलियाची खूण पाटीवर नसते. ज्या दारात डबा घेऊन माणसे उभी आहेत, तिथे शिरा. घरी पाहुणे आले की मोहल्ल्यातली मुले डबा घेऊन खलिया आणि कापडात गुंडाळून नान नेतात. ती जिथे जातात तो पत्ता बरोबर.

दुपारी लवकर जा. देग एकदा रिकामी झाली की दुसरी लागत नाही. तरी सोसत नसेल तर "तरी कम" म्हणा, कोणी वाईट मानत नाही. नान चमच्याने किंवा घास-घास बुडवून खाऊ नका. अर्धी कुस्करून वाटीत टाका, दोन मिनिटे थांबा, मग खा. उरलेली अर्धी शेवटी वाटी पुसायला.

सकाळी भूक लागली तर खिचडी, खिमा आणि तीळ-चिंचेचा खट्टा मागा. 1724नंतर आसफजाही दरबार काही काळ इथेच होता. 1763मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि 1948पर्यंत आम्ही तिच्या अमलाखाली राहिलो. तो नाश्ता ही त्या नात्याची खूण. संध्याकाळी गुलमंडीवर गरम इमरती खा. मांसाहार करत नसाल तर आधीच गुलमंडी गाठा, तुमची भूक तिथे भागेल. रात्री उस्मानपुऱ्यात पान. आणि रमजानमध्ये येणार असाल तर तरावीहनंतर शहागंज ते बुढीलेन पायी फिरा, गाडी आणू नका.

महाग झालेली दावत

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. छोट्या हॉटेलातला खलिया बहुतेक वेळा 'बडे का' असायचा. तो स्वस्त होता म्हणून मोंढ्यातला हमाल, कंपनीतून सुटलेला कामगार, गावाहून कोर्टात आलेला शेतकरी पोटभर जेवायचा. त्यांत सगळे मुसलमान नव्हते. मार्च 2015मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या गोश्तवर बंदी नाही, पण भाव, भीती आणि वाटेतली तपासणी या तिन्ही गोष्टी वाढल्या. माझ्या ओळखीच्या एका बावर्चीने देग लहान केली, मग खलियात चिकन घालायला लागला, मग धंदाच सोडला. त्याचा मुलगा आज मोबाइलचे कव्हर विकतो. चिकनला नानसोबत खाल्ले तर तो खलिया होत नाही, हे तो म्हातारा आजही चिडून सांगतो.

पर्यटक 'सातशे वर्षांचा वारसा' म्हणून ज्याचे फोटो काढतो, तो वारसा या माणसांच्या हातात आहे. तुघलक काही तंदूर पेटवायला येणार नाही.

फेब्रुवारी 2023मध्ये शहराचे नाव पुन्हा बदलले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबरचे गाव नावे बदलत आले आहे, आम्हीही त्यासोबत राहत आलो आहोत. पुण्याचा मित्र जेवून उठला, तेव्हा हात धुता धुता त्याने विचारले, "मग हे तुघलकाचं नाही म्हणतोस?" मी म्हटले, "तुझ्या आईच्या काळ्या मसाल्यात खसखस आहे, खोबरं आहे, मिरची आहे. तेच यात आहे. तिला एकदा घेऊन ये, ती सांगेल कुणाचं ते."

तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत आणतो. मी त्याला सांगून ठेवले आहे, दुपारी लवकर या.