धार लावायच्या चाकापासून घरामागच्या लेथपर्यंत : बारामती-इंदापूरच्या धुळीची गोष्ट

आजचा विषय तसा बारीक आहे, अगदी धुळीएवढा. ग्राइंडरची धूळ आणि तिच्यामुळे झिजणारी यंत्रं.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यात एका घरामागच्या शेडमध्ये गेलो होतो. एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात वेल्डिंगचा सेट आणि लेथपासून हातभर अंतरावर भिंतीला बसवलेला ग्राइंडर. मालक म्हणाले, "सर, मशीन चांगलं आहे, पण आता शाफ्ट सरळ येत नाही. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक." त्यांनी बेडवर पट्टी ठेवून दाखवली. चकच्या जवळ पट्टीखालून उजेड दिसत होता. बेड तिथेच खाल्ला गेला होता.

आता कोणताही लेथ चकजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. पण इथे झीज वयाच्या मानाने फार होती. त्यांनी विचारलं, "तेल तर मी रोज घालतो. मग हे झालं कसं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला दीड-दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

आपल्या भागात धार लावण्याचं काम पूर्वी शिकलगार करत. हा शब्द अरबी-फारसीतून आला. 'सैकल' म्हणजे चकाकी, पॉलिश. तलवारी गेल्या, मग सुऱ्या, कात्र्या, विळे आले. त्यांचं चाक कशाचं असायचं? कुरुंदाची पूड आणि लाख. लाख तापवून त्यात कुरुंद मिसळायचा आणि चाक घडवायचं. इंग्रजीत ज्याला कोरंडम म्हणतात तो शब्दही मूळ आपल्याच देशातला, तमिळ 'कुरुंदम'वरून गेलेला. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० आणि कुरुंद ९. बिडाचं लोखंड त्याच्या निम्म्यावर.

एक लक्षात घ्या. शिकलगाराचं काम चालायचं उघड्यावर, बाजारात, झाडाखाली. शेजारी जपावं असं दुसरं यंत्र नव्हतं. धूळ वाऱ्यावर जायची. त्याच्या छातीत किती जायची, तो भाग वेगळा. त्याकडे मी येतो.

मग या भागात लोखंड वाढलं कसं? त्याचं मूळ पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, भाटघरचं धरण झालं. बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला. ऊस आला की गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळाबरोबर लोखंडी चरक आले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथून लोखंडी नांगर आणि उसाचे चरक महाराष्ट्रभर गेले. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभा केला. तेच वालचंदनगर. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली आणि नंतर इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंगसुद्धा. स्वातंत्र्यानंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने आले.

जिथे चरक, पंप आणि ट्रॅक्टर, तिथे मोडतोड आलीच. आणि मोडतोड आली की गावात टर्नर लागतो, वेल्डर लागतो. मोठ्या कारखान्यात ग्राइंडिंगला स्वतंत्र जागा देता येते, ओतकामाची साफसफाई वेगळ्या शेडमध्ये करता येते. तिथली भिंत ही चैन नाही. तिच्यामागे शंभर वर्षांचा अनुभव होता.

तो अनुभव कुठला? १८४० मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने ग्लासगोच्या सभेत अचूक सपाट पृष्ठभाग कसा करावा यावर निबंध वाचला. त्या काळी दोन पृष्ठभागांमध्ये एमरीची पूड घालून ते एकमेकांवर घासत. व्हिटवर्थ म्हणाले, हे नको. हाताने स्क्रेपर मारा. त्यांचा एक आक्षेप असा होता की पुडीचे कण धातूच्या छिद्रांत रुतून बसतात आणि नंतरही झीज करत राहतात.

आपल्याकडच्या ट्रॅक्टर मेकॅनिकला हे न सांगता कळतं. व्हॉल्व्ह सीटवर बसवताना तो काय लावतो? ग्राइंडिंग पेस्ट. म्हणजे कठीण पूड आणि तेल-ग्रीस. आता लेथच्या बेडवर तेल आहे, त्यावर ग्राइंडरची धूळ पडली आणि सॅडल दिवसभर मागेपुढे फिरलं. तीच पेस्ट तयार झाली की नाही? म्हणूनच त्या मालकांचं रोजचं तेल त्यांना वाचवू शकलं नाही. धुळीवर तेल घातलं तर ती तिथेच धरून ठेवली जाते.

दुसरा अनुभव माणसांचा. इंग्लंडमधल्या शेफिल्डला वाळूच्या दगडांवर सुऱ्या-काटे घासले जात. १८४० च्या दशकात तिथल्या डॉ. जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी या कामगारांच्या फुप्फुसांच्या आजारावर लिहिलं. कोरड्या दगडावर काम करणारे ओल्या दगडावरच्यांपेक्षा लवकर मरत. त्याआधी, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्याच जे. एच. अब्राहम यांनी धूळ पकडायला लोहचुंबक वापरून पाहिला. चुंबक लोखंडाचा कीस ओढतो, दगडाची पूड ओढत नाही. आजही अनेक जण ग्राइंडरखाली चुंबक ठेवतात आणि निर्धास्त होतात. चुंबकाला चिकटलेला काळा कीस दिसतो. बेड खाणारा पांढरट कण मात्र निसटलेला असतो.

मग हे सगळं घरात कसं आलं? १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांना सिलिकॉन कार्बाइड सापडलं आणि कृत्रिम दगडांचा जमाना सुरू झाला. १९४१ मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडे, उरणजवळ मोरा इथे भारतातला ग्राइंडिंग व्हीलचा पहिला कारखाना निघाला. १९५४ मध्ये जर्मनीत अँगल ग्राइंडर आला, आपण ज्याला हँड ग्राइंडर म्हणतो तो. दगड स्वस्त झाला, हातात आला, घरामागच्या शेडमध्ये आला.

कायदा मात्र दारातच थांबला. १९४८ च्या कारखाना कायद्याचं १४ वं कलम सांगत होतं की धूळ जिथे निर्माण होते तिच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्या. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे १० किंवा जास्त कामगार. बाप, लेक आणि एक पोरगा अशा शेडला तो लागू नव्हता. थोडक्यात, मोठ्या कारखान्यातली यंत्रं घरी आली, मधली भिंत तिकडेच राहिली.

ती भिंत आपल्यालाच घालायची आहे. फार खर्च नाही. ग्राइंडर लेथच्या खोलीतून बाहेर काढा, शक्यतो दाराबाहेर पत्र्याच्या आडोशाला. जागाच नसेल तर मध्ये पत्रा उभा करा, ठिणग्यांचा झोत लेथच्या उलट दिशेला ठेवा आणि ग्राइंडरखाली पाण्याचं तसराळं ठेवा. लेथवरच ग्राइंडिंग करायची वेळ आली तर बेड आणि सॅडल ओल्या जाड कागदाने झाका. सैल फडकं नको, ते चकमध्ये किंवा लीडस्क्रूत गुंडाळलं जातं. काम झाल्यावर कागद धुळीसकट अलगद उचला. मग रॉकेलच्या फडक्याने बेड पुसा आणि त्यानंतरच ताजं तेल घाला. सॅडलचे फेल्ट वायपर काढून धुवा, कडक झाले असतील तर बदला.

आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हे मी हात जोडून सांगतो. हवेने धूळ जात नाही, ती वायपरखाली घुसते आणि उरलेली तुमच्या छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला अडवत नाही. निदान एन-९५ मास्क लावा.

त्या इंदापूरच्या शेडमध्ये नंतर पुन्हा गेलो. ग्राइंडर बाहेर लिंबाखाली गेला होता. मालक हसून म्हणाले, "बेड काही परत भरून आला नाही, सर. पण शेजारच्या पोराने नवा लेथ घेतलाय, त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं." गंमत बघा, जुना धारवालाही झाडाखालीच बसायचा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.