भिंगापासून जनुकीय खुणेपर्यंत : मिरज-जयसिंगपूर परिसर आणि क्षयनिदान

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील जयसिंगपूर ही शिरोळ तालुक्यातील बाजारपेठ राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवली. याच मार्गावर पुढे मिरजेत, शाहूंच्या राज्यारोहणाच्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयाच्या कार्यातूनच १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले, आणि ज्या वसाहतीला पुढे वानलेसवाडी हे नाव मिळाले ती जयसिंगपूर, सांगली आणि भोवतालच्या गावांतील क्षयरोग्यांचा आधार ठरली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि क्वचित फुप्फुस दाबून त्याला विसावा देणारी शस्त्रक्रिया एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते.

निदानाचे साधनही साधेच होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि वर्षभरातच तो रंगवण्याची जी रीत रूढ झाली, ती थोड्याफार फरकाने आजही प्रयोगशाळांत चालते : थुंकी काचपट्टीवर पसरून लाल रंग द्यायचा, आम्लाने धुवायची, आणि त्यानंतरही ज्या जंतूंचा लाल रंग टिकून राहील ते क्षयाचे समजायचे. ही तपासणी स्वस्त आणि झटपट असली, तरी थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू असल्याशिवाय ते भिंगाखाली सहसा सापडत नाहीत, त्यामुळे मुले, एचआयव्हीबाधित आणि फुप्फुसाबाहेरचा क्षय झालेले रुग्ण हमखास निसटत. जंतू वाढवून पाहण्याची, म्हणजे कल्चरची, पद्धत कितीतरी अधिक संवेदनशील; परंतु हा जंतू इतका मंदगतीने वाढतो की अंड्याच्या घट्ट माध्यमावर त्याचे ठिपके दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

स्ट्रेप्टोमायसिन, १९५२ मधील आयसोनियाझिड आणि साठच्या दशकातील रिफॅम्पिसिन यांनी उपचारांचे चित्र पालटले. मद्रासमधील १९५९ च्या प्रसिद्ध अभ्यासाने तर घरी राहून गोळ्या घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो हे दाखवून आरोग्यधामांचे प्रयोजनच संपवले. मात्र औषधांबरोबर औषधांना न जुमानणारे जंतूही वाढले, आणि क्षय आहे की नाही या जुन्या प्रश्नाला तो कोणत्या औषधाला दाद देईल हा नवा प्रश्न जोडला गेला. या दुसऱ्या प्रश्नाला भिंगाकडे उत्तर नव्हते, आणि कल्चरचे उत्तर येईपर्यंत रुग्ण चुकीची औषधे घेत राही.

उत्तर मिळाले ते जंतूच्या जनुकांत, म्हणजे त्याच्या आनुवंशिक सूचना साठवणाऱ्या डीएनएच्या भागांत. रिफॅम्पिसिन जंतूच्या एका प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवते, आणि ते प्रथिन घडवणाऱ्या आरपीओबी नावाच्या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की औषध निष्प्रभ ठरते, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल याच पट्ट्यात सापडतो. सुमारे ४४ लाख अक्षरांच्या जनुकसंचात (त्याचे संपूर्ण वाचन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले) इतकी नेमकी जागा हाती लागणे हे संशोधकांचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

सगळ्याच खुणा इतक्या भरवशाच्या निघाल्या नाहीत. आयएस-६११० हा डीएनएचा तुकडा केवळ क्षयाच्या जंतुकुळात आढळतो आणि बहुतेक जंतूंत त्याच्या अनेक प्रती असतात, म्हणून निदानासाठी तो आदर्श मानला गेला. पण नव्वदच्या दशकात मद्रासच्या रुग्णांचे जंतू तपासले तेव्हा अनेकांत त्याची एकच प्रत निघाली आणि काहींत तो मुळीच नव्हता. युरोप-अमेरिकेतील जंतूंवरून निवडलेली खूण भारतीय जंतूंना जशीच्या तशी लागू पडेल हे गृहीतच चुकीचे होते, आणि पुढच्या चाचण्यांत एकाऐवजी दोन खुणा शोधण्याची पद्धत पडली त्यामागे हेही एक कारण आहे.

ही विद्या दवाखान्यापर्यंत आणण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये ठरावीक अक्षरक्रम सापडताच चमकणारे रेणू तयार केले. त्यांच्या आधारे थुंकीवरची सगळी प्रक्रिया एका बंद कार्ट्रिजमध्ये सुमारे दोन तासांत उरकणारे जे यंत्र बनले, त्याची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी परीक्षा ज्या पाच शहरांत झाली त्यांत लिमा, बाकू, केपटाऊन आणि डर्बन यांच्याबरोबर मुंबईही होती. या परीक्षेतील १,७३० संशयितांपैकी, भिंगाखाली जंतू न दिसलेल्या पण कल्चरमध्ये क्षय ठरलेल्या रुग्णांमध्ये एकाच चाचणीने ७२.५ टक्क्यांचे निदान केले. महाराष्ट्रात हीच चाचणी सीबीनॅट या नावाने परिचित आहे. पुढच्याच वर्षाअखेर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्या प्रकाराच्या नावावरून सरकारशी वाद झाला, पण जलद चाचण्यांची निकड त्यानंतर कुणाला पटवून द्यावी लागली नाही. २०१२ मध्ये सरकारने क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्यांवर बंदी घातली, हाही त्याच काळातला आणि फार उशिरा घेतलेला निर्णय.

वातानुकूलित खोली आणि अखंड वीज मागणारे ते यंत्र लहान केंद्रांना परवडणारे नव्हते. ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली ती गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने, ज्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. जयसिंगपूरसारख्या ठिकाणच्या रुग्णाला पूर्वी निदानासाठी स्वतः मिरजेची वाट धरावी लागे. आता प्रवास करायचाच झाला तर तो थुंकीच्या डबीने करायचा असतो.

तथापि जनुकीय चाचणी मेलेल्या जंतूचा डीएनएही ओळखते आणि उपचार सुरू झाल्यावर कित्येक महिने होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे रुग्णाला गुण येतो आहे की नाही हे ठरवण्यासाठी रंगवलेली काचपट्टी आणि कल्चर हेच आजही वापरावे लागतात.