हिमाचलच्या ट्राउट नद्या

हिमाचल प्रदेश म्हटला, की सिमला, कुलू, मनाली ही पर्यटनस्थळे डोळ्यांसमोर येतात. गळाने मासे पकडण्याचा छंद असणाऱ्यांना मात्र हे राज्य ठाऊक आहे ते तीर्थन, ऊहल, पब्बर आणि बास्पा या चार नद्यांमुळे. या चारही नद्यांत ट्राउट मासा आढळतो आणि तो पकडण्यासाठी 'फ्लाय फिशिंग' ही खास पद्धत वापरली जाते. चारपैकी तीन नद्यांचे पाणी जलविद्युत प्रकल्पांकडे वळले आहे. तीर्थन नदी त्यातून बचावली आणि त्यामुळेच आज छांदिष्टांची सर्वाधिक पसंती तिलाच आहे.

काय आहे 'फ्लाय फिशिंग'?

नेहमीच्या मासेमारीत गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे, केस आणि रंगीत दोरा यांपासून बनवलेली कृत्रिम माशी गळावर बांधलेली असते. या माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे येथे दोरीच जाड व वजनदार असते आणि लवचीक काठीच्या झोक्याने तीच माशीला पुढे नेते. पाण्यावर तरंगणारी माशी, पाण्याखालून वाहत जाणारी अळीसारखी माशी आणि लहान माशासारखी दिसणारी माशी असे तिचे मुख्य प्रकार आहेत. ट्राउट खडकाच्या आडोशाला, प्रवाहाच्या उलट दिशेने तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. त्याच्या नजरेत न येता, नैसर्गिक वाटेल अशा रीतीने माशी त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हे या छंदातील खरे कौशल्य मानले जाते.

परदेशी पाहुणा

ट्राउट हा मूळचा भारतातील मासा नाही. स्कॉटलंडहून आणलेली तपकिरी ट्राउटची अंडी १९०० मध्ये काश्मीरमध्ये यशस्वीरीत्या उबवण्यात आली. तेथून १९०९ मध्ये हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने हा मासा कुलू खोऱ्यात आणला. कटराईंजवळील महिली येथे त्यासाठी अंडी उबवणी केंद्र उभारले गेले. नॉर्वेच्या साहाय्याने पतलीकुहल येथे इंद्रधनुषी ट्राउटची शेती विकसित झाली, ती त्यानंतर बऱ्याच काळाने. आज हॉटेलांत ताटात येतो तो बहुधा शेतीतील इंद्रधनुषी ट्राउट. नदीत मुख्यतः तपकिरी ट्राउट आढळतो.

या पाहुण्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तपकिरी ट्राउटचा समावेश आहे. हिमालयातील मूळचा 'स्नो ट्राउट' (स्थानिक नाव गुगली) हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' गणला जातो. नव्या नद्यांमध्ये ट्राउट सोडताना म्हणूनच सावधगिरीची गरज आहे.

चार नद्या

ऊहल (मंडी जिल्हा) : बरोट हे या नदीवरील प्रसिद्ध ठिकाण. लंबाडग ही उपनदी येथेच ऊहलला मिळते. मत्स्य विभागाचे ट्राउट केंद्रही येथे आहे. मात्र, बरोटचा जन्मच वीजप्रकल्पातून झाला. जोगिंदरनगरच्या शानन वीजगृहासाठी येथून पाणी वळवण्यात आले आणि १९३३ मध्ये हे वीजगृह सुरू झाले. बरोटच्या वरच्या भागातील प्रवाह आजही चांगला मानला जातो.

पब्बर (सिमला जिल्हा) : रोहडू आणि चिडगावच्या परिसरातून, सफरचंदांच्या बागांमधून वाहणारी ही नदी पुढे टोन्स नदीला मिळते. हिच्यावरील १११ मेगावॉटचा सावडा-कुड्डू प्रकल्प २०२१ च्या सुमारास कार्यान्वित झाला.

बास्पा (किन्नौर जिल्हा) : छितकुल, रकछम, सांगला अशी उतरत ही नदी करछम येथे सतलजला मिळते. सांगल्याजवळ बांध घालून पाणी बोगद्यातून नेणारा ३०० मेगावॉटचा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. सांगल्याच्या वरचा टप्पा अजून मोकळा आहे.

तीर्थन (कुलू जिल्हा) : ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावणारी ही नदी गुशैणी, बंजारमार्गे लारजीजवळ बियास खोऱ्यात उतरते. २०१४ मध्ये या उद्यानाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. उगमाकडील जंगल सुरक्षित राहिल्याने नदीचे पाणी थंड आणि स्वच्छ राहिले आहे.

बांध आणि मासा

या प्रकल्पांना 'वाहत्या पाण्यावरील प्रकल्प' म्हटले जाते. त्यांत मोठा जलाशय नसतो. पण बांधापासून वीजगृहापर्यंतचे पाणी बोगद्यातून जाते आणि मधले पात्र हिवाळ्यात जवळजवळ कोरडे पडते. किमान १५ टक्के पाणी सोडण्याचे बंधन राज्याने घातले आहे. मात्र, थंड आणि प्राणवायूने समृद्ध पाण्यातच जगणाऱ्या ट्राउटला एवढे पाणी पुरतेच असे नाही. गाळ बाहेर काढण्यासाठी दरवाजे उघडले, की अंडी घालण्याच्या खडीवर चिखल बसतो. तीर्थनच्या शेजारच्या सैंज नदीचे पाणी ५२० मेगावॉटच्या पार्वती-३ प्रकल्पाकडे वळले, तर लारजी येथे बियासवर १२६ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला.

तीर्थनवरही नऊ लहान जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातील ग्रामस्थांनी त्यांना विरोध केला. नदीतील ट्राउट, शेतीचे पाणी आणि पाणचक्क्या यांचा दाखला देत हा लढा न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर हे प्रकल्प रद्द झाले. त्यानंतर खोऱ्यात घरगुती निवासव्यवस्था वाढली आणि मासेमारीसाठी येणारे पर्यटक हा अनेक कुटुंबांचा उत्पन्नाचा मार्ग बनला. आता वाढते बांधकाम आणि नदीकाठचा कचरा ही नवी चिंता आहे. जुलै २०२३ च्या महापुरात सैंज बाजारपेठ आणि लारजी वीजगृहाचे मोठे नुकसान झाले. नदीपात्रालगत बांधकाम करण्यातील धोका त्यातून पुन्हा स्पष्ट झाला.

जाण्यापूर्वी

ट्राउटच्या विणीचा काळ असल्याने १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम महिने. पावसाळ्यात पाणी गढूळ असते. मत्स्य विभागाचा परवाना बंधनकारक असून, माशांची संख्या व आकार यांबाबतचे नियम परवाना घेताना समजून घ्यावेत. राष्ट्रीय उद्यानात मासेमारी करता येत नाही. पकडलेला मासा ओल्या हातांनी धरून, बिनकाट्याच्या गळावरून सोडवून पुन्हा पाण्यात सोडणे ही चांगली पद्धत मानली जाते. तीर्थन खोऱ्यात जाण्यासाठी चंदीगड-मनाली महामार्गावर औट येथे उतरून बंजारचा रस्ता धरावा.