वाटी चालते, वेतन नाही: शेतीच्या गेममधील मदतनिसांचा जुना करार

१/ 'स्टारड्यू व्हॅली' या गेममध्ये शेतात जुनिमोंची झोपडी उभारली, की ते चिमुकले वनजीव भोवतालच्या १७ × १७ चौकटींतील तयार पीक आपणहून काढून आणतात. पेरणी आणि पाणी मात्र शेतकऱ्याकडेच. पावसात व हिवाळ्यात ते सहसा फिरकत नाहीत. त्यांना पगार नसतो. असाच बिनपगारी करार उत्तर युरोपच्या शेतघरांत कित्येक शतके मानला जात होता.

२/ प्रथम गेमची वंशावळ. १९९६ साली जपानमध्ये वादा यासुहिरो यांचा 'हार्वेस्ट मून' आला. त्याच मालिकेच्या २००३ मधील एका भागात चर्चमागे सात बुटके राहतात. भेटी देऊन त्यांची मैत्री जिंकली, तरच ते पाणी घालतात, कापणी करतात, जनावरे सांभाळतात. या मालिकेच्या प्रेमातूनच एरिक बॅरोन यांनी २०१६ साली 'स्टारड्यू व्हॅली' प्रसिद्ध केला.

३/ आता १५८४ चे इंग्लंड. चेटकिणींच्या छळाविरुद्ध लिहिताना रेजिनल्ड स्कॉट यांनी रॉबिन गुडफेलो या घरगुती भुताचा उल्लेख केला आहे. घरातील मोलकरणी त्याच्यासाठी दुधाची वाटी ठेवत. त्या बदल्यात तो मोड आणलेले जव किंवा मोहरी दळी आणि मध्यरात्री घर झाडून काढी, अशी समजूत होती.

४/ स्कॉटलंडमध्ये त्याचा भाऊबंद म्हणजे ब्राउनी. राजा सहावा जेम्स याने १५९७ च्या 'डेमोनॉलॉजी' या ग्रंथात त्याला सैतानाच्या पंक्तीत बसवले; परंतु ब्राउनीच्या वावराने घराला बरकत येते असे लोक मानतात, हेही त्यानेच नोंदवून ठेवले. धर्मसत्तेला जो सैतान वाटला, तो शेतकऱ्याला घरचा माणूस वाटत होता.

५/ स्वीडनमध्ये तो 'टोम्टे'. हे नाव घराच्या जागेसाठी असलेल्या शब्दावरून आले. ती जमीन पहिल्यांदा लागवडीखाली आणणारा मूळपुरुषच टोम्टे होऊन राहतो, अशीही श्रद्धा आढळते. ख्रिसमसच्या रात्री त्याला लापशी वाढायची, तिच्यावर लोण्याचा गोळा घालायचा, हा रिवाज.

६/ एका लोककथेत टोम्टेला लापशीवर लोणी दिसत नाही. संतापाच्या भरात तो घरची गाय मारतो. परत येऊन लापशी संपवतो, तर लोणी वाटीच्या तळाशी! ओशाळलेला टोम्टे तशीच दुसरी गाय आणून गोठ्यात बांधतो.

७/ ती दुसरी गाय कोणाच्या गोठ्यातली? हा प्रश्न गंमतीचा नव्हता. टोम्टे शेजाऱ्याचे धान्य व वैरण ओढून आणतो, असे मानले जाई. त्यामुळे एखाद्याची भरभराट झाली की संशयाला जागा मिळे. तुटपुंज्या पिकाच्या गावात एकाची बरकत दुसऱ्याला आपली तूट वाटे. गेममध्ये मात्र कोणाचेच कोठार रिकामे होत नाही.

८/ या कराराचे सर्वांत विलक्षण कलम कपड्यांचे. रॉबिनला कपडे ठेवले तर तो नाराज होतो, असे स्कॉट सांगतात. काही कथांत कापड जाडेभरडे म्हणून मदतनीस रुसतो. काहींत नव्या पोशाखाच्या तोऱ्यात काम सोडतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील चांभाराचे बुटकेही कपडे मिळताच आनंदाने नाचत निघून जातात.

९/ असे का? त्या काळी वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांना व मोलकरणींना जेवण, थोडे रोख आणि पुष्कळदा कपडे किंवा जोडे मिळत. म्हणजे कपडा हा वेतनाचा भाग होता. वाटीने नाते टिके. कपड्याने हिशेब चुकता होई, आणि हिशेब संपला की नातेही संपे. या कथांचा असा एक अर्थ लावता येतो.

१०/ 'स्टारड्यू व्हॅली'तही याचा प्रतिध्वनी सापडतो. गावाचे मोडकळीस आलेले सामुदायिक भवन जुनिमो दुरुस्त करतात, पण त्यासाठी मुख्यतः पीक, मासे, रानमेवा अर्पण करावा लागतो. खेळाडूने ५,००० नाणी भरून जोजा कंपनीचे सदस्यत्व घेतले, तर भवनाचे गोदाम होते आणि तेथील जुनिमो नाहीसे होतात. पुढची कामे रोख पैशांत होतात.

११/ एक गोष्ट सहज नजरेआड होते. दळणे, झाडणे, मळणी ही भुताच्या नावावर मांडलेली कामे प्रत्यक्षात मोलकरणीची आणि गड्याची होती. पहाटे लख्ख झाडलेले अंगण पाहून मालक अदृश्य मदतनिसाचे कौतुक करी, तेव्हा झाडू हाती धरणारी मुलगीही तितकीच अदृश्य राही. भुताच्या वाटीची नोंद ग्रंथांत झाली. तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.